चष्म्याचा नंबर लेझरने काढल्यानंतर डोळे कसे जपायचे

लेझर करून घेतल्यावर बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा चष्म्याशिवाय वाचता येतात. वर्षानुवर्षं उशाशी चाचपडून चष्मा शोधलेल्या माणसाला त्याचं किती अप्रूप असतं, ते त्यालाच ठाऊक. पण याच आनंदात माणूस गाफील होतो. दिसायला लागलं म्हणजे डोळा बरा झाला, असं त्याला वाटतं. नजर लवकर सुधारते हे खरं, पण बुबुळावरची जखम मुरायला आठवडे लागतात आणि कापल्या गेलेल्या बारीक नसा पुन्हा वाढायला महिने. या मधल्या काळात काय करायचं आणि काय टाळायचं, ते क्रमाने लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदात आणि इथल्या मजकुरात फरक दिसला तर कागदाचंच ऐका. तुमचा डोळा त्यांनी तपासलेला आहे.

पायरी १: आपली शस्त्रक्रिया कोणती, ते विचारून घ्या

आपण सरसकट 'लेझर' म्हणतो, पण त्यात मुख्य प्रकार तीन आणि काळजी त्या-त्या प्रकारावर ठरते.

लॅसिकमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, वरचा पातळ थर कापून बाजूला उचलतात. या थराला फ्लॅप म्हणतात. एका कडेला तो बिजागरीसारखा जोडलेलाच राहतो. आतल्या भागावर लेझर मारून आकार दुरुस्त केला की फ्लॅप परत जागेवर बसवतात. टाका घालत नाहीत. कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि फ्लॅप त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका. कडेने तो लवकर धरतो, पण मूळच्याइतका भक्कम पुन्हा कधीच होत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी डोळ्याला जोराचा मार बसून फ्लॅप सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असं क्वचितच होतं, पण लॅसिक झालेल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. कॉर्नियावरचा सगळ्यात वरचा नाजूक पापुद्रा काढून थेट लेझर मारतात. हा पापुद्रा साधारण तीन ते पाच दिवसांत नव्याने येतो. तोवर डोळ्यावर एक संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवलेली असते. यात दुखणं जास्त आणि नजर स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागतात, पण फ्लॅप सरकण्याची भीती नाही. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांना डॉक्टर बरेचदा हा प्रकार सुचवतात तो त्यामुळेच.

तिसरा प्रकार स्माइल. लेझरने कॉर्नियाच्या आतल्या आत तयार केलेला पातळ तुकडा दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काढून घेतात. छेद लहान आणि फ्लॅप नाही. तरी जंतूंना शिरायला तेवढी वाटही पुरते, म्हणून थेंब आणि स्वच्छता यांत सूट नाही.

लॅसिक आणि पीआरकेमधल्या एक्सायमर लेझरशी एका भारतीयाचं नाव जोडलेलं आहे, ते इथे सांगायलाच हवं. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या जेवणातून उरलेली टर्की, म्हणजे कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचं मांस, त्यांनी प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यावर हा लेझर मारून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता हवा तेवढाच भाग स्वच्छ निघाला. पुढे याच गुणामुळे तो डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आला.

पायरी २: शस्त्रक्रियेच्या आधीच घर लावून घ्या

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा, कारण नंतर बरेच दिवस ती नीट करता येणार नाही. नखं कापा, झोपेत डोळ्याकडे गेलेल्या हाताचं नख सगळ्यात घातक. उशीचे अभ्रे धुऊन ठेवा. पंखा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर पलंग हलवा. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे पडले असतील तर ती बदलून घ्या. घरात तान्हं किंवा रांगतं मूल असेल तर पहिले आठ-दहा दिवस त्याची झोपण्याची सोय दुसरीकडे करा. आई-बाबांच्या तोंडावर हात मारणं हा मुलांचा खेळच असतो.

सोबतीला माणूस हवाच. येताना रिक्षा किंवा कार ठरवून ठेवा. लोकलच्या गर्दीत कुणाचं कोपर डोळ्यावर बसेल, सांगता येत नाही. लॅसिक, स्माइलसाठी दोन-तीन दिवसांची रजा बहुधा पुरते, पीआरकेसाठी आठवडा धरा. परदेशातून सुट्टीवर येऊन लेझर करणाऱ्यांनी परतीचं तिकीट लगेचचं काढू नये. पहिल्या आठवड्याची तपासणी होईपर्यंत इथेच थांबावं.

तारीख ठरवतानाच सणवार आणि घरातली कार्यं बघून घ्या. रंगपंचमी, विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल, जेजुरीचा भंडारा, दिवाळीचे फटाके यांपैकी काहीही पुढच्या महिनाभरात येत असेल आणि तुम्हाला त्यापासून लांब राहवणार नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. लग्नातल्या अक्षताही यात आल्या. मागच्या रांगेतून जोरात फेकलेला तांदळाचा दाणा ताज्या फ्लॅपवर बसणं ही गमतीची गोष्ट नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर असताना 'फोटोत चष्मा नको' म्हणून घाईने लेझर करणं मला पटत नाही. त्यात काजळ, आयलायनर, जागरण आणि होमाचा धूर सगळं एकदम येतं.

पायरी ३: पहिला दिवस झोपून काढा

भूल थेंबांची असते. तिचा अंमल उतरला की डोळे चुरचुरतात, खुपतात, पाणी वाहतं, उजेड नकोसा होतो. लॅसिकनंतर हा त्रास पहिल्या काही तासांचा असतो. दिलेली गोळी घ्या, थेंब घाला आणि डोळे मिटून पडा. झोप लागली तर फारच उत्तम, मिटलेल्या पापणीखाली डोळा ओला राहतो आणि फ्लॅप नीट बसतो. फ्लॅप सरकला तर तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत सरकतो, म्हणून हा दिवस सांभाळायचा. मोबाइल नाही, टीव्ही नाही. कंटाळा आला तर रेडिओ किंवा गाणी ऐका.

आरशात पाहिल्यावर डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक डाग दिसले तर घाबरू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा स्थिर ठेवायला जी कडी दाबून बसवतात, तिच्या दाबाने वरवरची रक्तवाहिनी फुटते. दिसायला भयंकर, पण नजरेला धोका नाही. दोन-तीन आठवड्यांत डाग आपोआप विरतात.

पीआरकेवाल्यांना मात्र पहिले दोन-तीन दिवस खरोखरच दुखतं. ते आधी माहीत असलं की धीर सुटत नाही. या दुखण्याला कंटाळून भूल देणारे थेंब मिळवून घरी घालणं अत्यंत धोक्याचं आहे. त्या थेंबांनी जखम भरणं थांबतं आणि पुन्हा पुन्हा घातले तर कॉर्निया झिजूही शकतो. संरक्षक लेन्स स्वतः काढू नका. ती निसटून पडली तर परत बसवू नका, दवाखान्यात फोन करा.

पायरी ४: थेंब घालण्याची पद्धत

सगळ्या काळजीत सर्वांत जास्त चुका थेंबांच्या बाबतीत होतात, म्हणून हे जरा सविस्तर.

साधारणपणे तीन बाटल्या मिळतात. एक जंतुसंसर्ग टाळणारी प्रतिजैविकाची, दुसरी सूज उतरवणारी स्टेरॉइडची, तिसरी डोळा ओला ठेवणाऱ्या कृत्रिम अश्रूंची. झाकणं सारखी दिसतात, म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात नाव आणि उघडल्याची तारीख लिहा. वेळापत्रक मोबाइलच्या गजरात भरा.

आता प्रत्यक्ष कृती. साबणाने हात धुवा आणि स्वच्छ कापडाने पुसा. बाटलीवर 'हलवून वापरा' असं लिहिलेलं असेल तर नीट हलवा. बऱ्याच स्टेरॉइड थेंबांत औषध तळाशी बसलेलं असतं आणि न हलवता घातलं तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. पाठीवर झोपा किंवा मान मागे टाका. खालची पापणी गालाच्या बाजूने, बोटाच्या पेराने अलगद खाली ओढा. बोट पापणीच्या कडेवर नको, खाली हाडावर हवं. पापणीची छोटी खोबण उघडते, त्यात वरून एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, डोळ्याला कशालाही लागता कामा नये. मग डोळा हलकेच मिटा, घट्ट आवळू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बाहेरून बोट एक मिनिटभर हळूच टेकवा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. घशात कडू चव आलीच तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक थेंब पुरतो. डोळ्यात मावतंच त्याहून कमी, दुसरा थेंब गालावर ओघळून जातो. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर मागचा थेंब पुढच्याला धुऊन काढतो. गालावर आलेलं पाणी टिशूने टिपा, पुसू नका. टिशू गालावर, डोळ्यावर नाही.

स्टेरॉइडबद्दल एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. ते ठरलेल्या क्रमाने कमी करत बंद करायचं असतं. मनाने मध्येच सोडू नका आणि मनाने वाढवूही नका. काही जणांच्या डोळ्यातला दाब त्याने वाढतो आणि तो वाढलेला कळत नाही, कारण ना दुखत ना दिसणं लगेच बिघडत. तो तपासणीतच सापडतो. दाब वाढलेला राहिला तर डोळ्याची मुख्य नस कायमची खराब होते, त्यालाच काचबिंदू म्हणतात. मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवून 'तेच थेंब द्या' म्हणणं किंवा उरलेली बाटली चार महिन्यांनी डोळा लाल झाला म्हणून घालणं, यातून चांगले डोळे गेलेले आहेत. कोर्स संपला की बाटली टाकून द्या.

आणि घरगुती उपाय. माझ्या भाच्याचं लेझर झालं तेव्हा माझी आई त्याला म्हणाली, "अरे, डोळे चुरचुरतायत ना तुझे? दोन थेंब गुलाबपाणी घाल, गार वाटेल." तो म्हणाला, "आजी, महिनाभर डॉक्टरांच्या औषधाशिवाय काहीच घालायचं नाहीये." आजीने ऐकलं. माया खरी असते, पण गुलाबपाणी, मध, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी यांतलं काहीही निर्जंतुक नसतं आणि डोळ्यावर उघडी जखम असते. वडीलधाऱ्यांना हे आधीच नीट समजावून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रुसवे होत नाहीत.

पायरी ५: हात डोळ्यापासून लांब

डोळे चोळायचे नाहीत. लॅसिक झालेल्यांनी किमान महिनाभर तर नाहीच, आणि माझ्या मते ही सवय कायमचीच सोडावी. चोळल्याने ताजा फ्लॅप सुरकुततो किंवा सरकतो. पुढेही सतत जोरात चोळणं कॉर्नियाला मानवत नाही, कारण लेझरने तो आधीच पातळ झालेला असतो.

जागेपणी हे जमतं, झोपेत नाही. म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकच्या वाट्या किंवा गॉगल देतात. त्या झोपताना लावायच्या, साधारण आठवडाभर, दुपारच्या डुलकीलाही. वाटीची कड भुवईच्या हाडावर आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, पापणीवर दाब येता कामा नये. चिकटपट्टी कपाळाकडून गालाकडे तिरकी लावा. कपाळाला तेल किंवा क्रीम असेल तर पट्टी मध्यरात्री सुटते, म्हणून आधी कपाळ ओल्या कापडाने पुसून कोरडं करा. शक्यतो पाठीवर झोपा. पालथं झोपायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना उशा लावा.

खाज सुटली की कृत्रिम अश्रूंचा थेंब घाला. तो फ्रिजमधला गार असला तर आणखी बरं वाटतं. टीशर्ट, स्वेटर डोक्यातून घालतानाही डोळ्याला घासतो, पहिले काही दिवस पुढून बटणांचे कपडे वापरा.

पायरी ६: पाणी, धूर, धूळ

नळाचं पाणी आपण पितो म्हणून ते डोळ्यातल्या जखमेलाही चालतं असं नाही. त्यात असे सूक्ष्म जीव असू शकतात की ज्यांचा कॉर्नियाला झालेला संसर्ग महिनोन्महिने बरा होत नाही. पहिला आठवडा मानेखालूनच अंघोळ करा. बादली-तांब्या असेल तर सोपं, शॉवर असेल तर त्याच्याकडे पाठ करा. चेहरा ओल्या कापडाने पुसा. केस धुवायचेच असतील तर सलूनमध्ये धुतात तसं, मान मागे टाकून, दुसऱ्याकडून धुऊन घ्या. काजळ, मस्कारा, डोळ्याजवळचं क्रीम दोन आठवडे बंद. नंतरही जुनी काजळपेटी वापरू नका, नवी आणा.

पोहण्याबाबत अमेरिकेची नियामक संस्था एफडीए एक ते दोन महिने थांबायला सांगते. आपल्याकडच्या विहिरी, नदी, शेततळी यांचा विचार केला तर दोन महिनेच धरा.

स्वयंपाकघरात पहिला आठवडा फोडणी दुसऱ्या कुणी द्यावी. मिरची कुटतानाचा खकाणा आणि चुलीचा धूर यांपासून तर लांबच राहा. शेतावर मळणी, उफणणी सुरू असेल, किंवा तुमचं काम वेल्डिंग, ग्राइंडर, सुतारकामाचं असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा आणि नंतर कामावर बाजूंनीही बंद असलेला संरक्षक चष्मा वापरा. दुचाकीवर, मागे बसलात तरी, पूर्ण काचेचं हेल्मेट घाला आणि काच खाली ठेवा.

पावसाळ्यात डोळ्यांची साथ असते. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीच्या बाजूला ती केवढी पसरली होती, ते अनेकांना आठवत असेल. घरात कुणाचे डोळे आले तर तुमचा टॉवेल, उशी, रुमाल वेगळे. थेंबाची बाटली तर कुणालाच द्यायची नाही.

पायरी ७: कोरडेपणा

लेझरनंतरची ही सगळ्यात सामान्य तक्रार. कॉर्नियातल्या ज्या नसा 'डोळा सुकतोय' असा निरोप पाठवतात, त्याच शस्त्रक्रियेत कापल्या जातात. निरोप जात नाही, म्हणून अश्रू कमी बनतात आणि पापणीही कमी लवते. नसा पुन्हा वाढायला तीन ते सहा महिने, कुणाला वर्षही लागतं. गंमत अशी की डोळा फार सुकला की मध्येच त्यातून पाणी वाहतं आणि लोक म्हणतात, माझा डोळा कोरडा कसा असेल? ते पाणी त्रासाने आलेलं असतं, डोळ्यावर टिकत नाही.

म्हणून खुपण्याची वाट न बघता कृत्रिम अश्रू वेळेवर घाला. वारंवार लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकेका छोट्या कुपीत येणारे थेंब मागा, उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवा किंवा टाका. स्क्रीनसमोर आपण पापणी लववायलाच विसरतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा आणि मुद्दाम पूर्ण पापणी मिटून उघडा. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली ठेवा, पापणी कमी उघडी राहते. ऑफिसात एसीच्या झोतासमोर बसत असाल तर जागा बदलून मागा. आजारपणाचं खरं कारण आहे, संकोच नको.

सकाळी स्वच्छ आणि संध्याकाळी धूसर दिसणं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं, हेही सुरुवातीला होतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. गाडी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच चालवा. रात्रीची तर वलयं कमी होईपर्यंत नकोच, विशेषतः घाटात.

उन्हात अतिनील किरण पूर्ण अडवणारा चष्मा आणि टोपी वापरा. पीआरकेनंतर हे किमान सहा महिने कसोशीने पाळा. उन्हाने कॉर्नियावर धुरकट व्रण येण्याचा धोका त्यात जास्त असतो. रस्त्यावरचा नुसत्या काळ्या काचेचा गॉगल त्यासाठी उपयोगाचा नाही. चालणं, हलका व्यायाम तीन-चार दिवसांनी चालतो, फक्त घाम डोळ्यात जाऊ देऊ नका. क्रिकेट, कबड्डी, कराटे किमान चार आठवडे बंद.

पायरी ८: कधी लगेच धावायचं

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल. दिसणं अचानक धूसर झालं असेल. लाली पसरत असेल, चिकट पिवळी घाण येत असेल, उजेड आधीपेक्षा जास्त टोचत असेल. डोळ्याला बोट, चेंडू, फांदी काहीही लागलं असेल. यांतलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, रविवार असो की रात्र. फ्लॅपखाली सूज येण्याचा एक प्रकार पहिल्या काही दिवसांतच होतो आणि लवकर सापडला तर थेंबांनी आटोक्यात येतो. सरकलेला फ्लॅपही जितक्या लवकर बसवाल तितका चांगला बसतो. डिस्चार्जच्या वेळीच रात्री उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या.

तपासण्या सहसा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, मग तीन आणि सहा महिन्यांनी असतात. छान दिसतंय म्हणून लोक महिन्यानंतरच्या टाळतात, आणि स्टेरॉइडने वाढलेला दाब किंवा मुरलेला कोरडेपणा नेमका तेव्हाच हाती लागतो.

ज्यांचा उणे नंबर मोठा होता, त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी पुढेही चालू ठेवावी. लेझरने फक्त पुढचा पडदा बदलतो. मोठ्या नंबरात डोळा लांबीला जास्त आणि मागचा पडदा ताणलेला असतो, तो तसाच राहतो. डोळ्यासमोर विजेसारख्या चमका, अचानक खूप काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं दिसलं तर तासही वाया घालवू नका. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागला तर शस्त्रक्रिया फसली असं समजू नका, तो वयाचा भाग आहे.

शेवटचं काम फाइलचं. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि वक्रता, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख असलेल्या कागदांची झेरॉक्स काढा, फोटो काढून घरच्या एखाद्याकडेही ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचा हिशेब चुकू शकतो. डोळ्यातला दाबही पातळ झालेल्या कॉर्नियामुळे असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो. म्हणून डोळ्याच्या कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात की आधी 'माझं लेझर झालेलं आहे' हे सांगा आणि फाइल पुढे करा.